सांडव्यावरची हजेरी

१

निवृत्त झाल्यावर माणूस काय करतो, हे दिघोरीत कुणाला विचारायची गरज नव्हती. तो ओसरीवर बसतो, वर्तमानपत्र दोनदा वाचतो आणि तिसऱ्यांदा उघडतो तेव्हा बायको त्याच्या पुढ्यात लसूण आणून टाकते. तेजराम रामटेकेचं गेली दोन वर्षं असंच चाललं होतं. तालुक्याच्या एका कचेरीत त्याने चौतीस वर्षं कारकुनी केली होती. त्यातला बराच काळ टेबलाचा खण अर्धा उघडा ठेवून त्यात पुस्तक वाचण्यात गेला. त्यामुळे त्याला जगातलं पुष्कळ काही माहीत होतं, आणि लसूण सोलताना त्यातल्या कशाचाच उपयोग नव्हता.

म्हणून पोळ्याच्या सुट्टीत रश्मीनं त्याला काम दिलं, तेव्हा त्याच्या बायकोला, मालनबाईला, त्याच्यापेक्षा जास्त आनंद झाला. रश्मी त्यांची एकुलती एक मुलगी. नागपूरला राहून ती चतुरांवर संशोधन करत होती. चतुर म्हणजे तेच, ज्यांच्या शेपटीला दोरा बांधून लहानपणी प्रत्येकानं पाप केलेलं असतं. पण हिचे चतुर निराळे होते. दिवसभर ते पुलाखाली, झुडपाच्या पोटात, नाहीतर एखाद्या अंधाऱ्या खोलीच्या छताला लटकून राहायचे, आणि सूर्य मावळला की जेमतेम अर्धा तास पाण्यावर येऊन उडायचे. त्यांच्या प्रजातीचं लॅटिन नाव उच्चारायला तेजरामला आधी कवळी काढून ठेवावी लागली असती.

"या एका प्रजातीत पुष्कळ जाती आहेत, बाबा. आपल्या तलावावर मला चार सापडल्या. आणखी असतील. तुम्ही फक्त रोज संध्याकाळी जाऊन नोंद करा."

"जाती मोजाच्या?" तेजराम म्हणाला. "पोरी, आपन तं छप्पन सालीच त्यातून बाहेर पडलो."

रश्मी हसली आणि तिनं छापील तक्त्यांचा गठ्ठा पुढे केला. तारीख, वेळ, जात, संख्या, पाण्यापासून उंची, निरीक्षकाची जागा, शेरा. रकाने पाहून तेजरामचा चेहरा उजळला.

"जात ओळखायची ती कपाळावरून," रश्मी म्हणाली. "डोळ्यांच्या पुढे काळी खूण असते, इंग्रजी टीसारखी. एकाची जाड, एकाची बारीक, एकाची अर्धीच. खूण पाहिल्याशिवाय जात लिहायची नाही."

पहिले पंधरा दिवस तेजरामनं इमानदारीनं काढले. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, चालत टोकाच्या सांडव्यापर्यंत जायचं, दगडावर उभं राहायचं, आणि चतुर आले की जाळीत एखादा धरून भिंगातून कपाळ पाहायचं. समोर पाण्यात बुधराम डोंगा घेऊन जाळं टाकत असायचा. बुधराम जातीचा ढिवर, बालपणापासूनचा दोस्त. दोघं सातव्या वर्षी एकाच बैलगाडीतून खाली पडले होते. तेजरामचा एक दात गेला, आणि बुधरामच्या दोन भुवयांच्या मधोमध उभी खोक पडली, ती कायमची. "तुह्या कपाळावर बी खूण हाय," तेजराम त्याला म्हणाला. "तुले बी तक्त्यात घालतो."

एकदा बेशरमाच्या झुडपाच्या काडीवर त्याला चतुराची कात दिसली. पाण्यातली अळी वर येते, पाठीवर उकलते, आतला चतुर उडून जातो आणि मागे हे टरफल राहतं. डोळे, पाय, नखं, सगळं जागच्या जागी. तेजरामनं ती रश्मीसाठी काढायला घेतली. कात काही सुटेना. शेवटी पाय तुटला, पण पकड सुटली नाही. तो तुटका पाय तसाच काडीला धरून राहिला.

२

पंधरा दिवसांनी तेजरामचा उजवा गुडघा सुजला.

आता दिघोरीतल्या दुसऱ्या कुणी काम थांबवलं असतं. पण तेजराम कचेरीतला माणूस. काम न करणं वेगळं आणि कागद न करणं वेगळं, हा फरक त्याच्या रक्तात होता. तो ओसरीवर बसला, पाय पाटावर ठेवला, आणि दुपारी चारच्या चहाबरोबर त्या संध्याकाळचा तक्ता भरून टाकला. 'वरीलप्रमाणे.' मग फोनवर फोटो काढून सात वाजता रश्मीला पाठवला. मूळ कागद स्थळप्रत म्हणून फायलीत लावला.

चार दिवसांनी रश्मीचा फोन आला. "बाबा, रोज वरीलप्रमाणे कसं असेल? जिवंत प्राणी आहेत ते."

ही तक्रार रास्त होती. बनावट कागद खरा वाटायचा तर त्यात गोल आकडे नसावेत, हे तेजरामला तिच्या जन्माआधीपासून माहीत होतं. तो संख्या सतरा, तेवीस, एकोणीस अशी लिहू लागला. कागदावर स्वतःला एका जागी उभं ठेवणंही बरं दिसत नाही, म्हणून त्यानं स्वतःला हलवलं. 'सांडव्याच्या दगडावरून.' मग 'काठावरून.' मग 'घोटाभर पाण्यात उभे राहून.' दुखऱ्या गुडघ्याला पाटावर बाम चोळत त्यानं लिहिलं, 'गुडघाभर पाण्यात उभे राहून.' त्याला स्वतःच्या कर्तव्यनिष्ठेचं कौतुक वाटलं.

आणि ज्या पंचनाम्याला साक्षीदार नाही तो पंचनामा कसला? रकाना नव्हता. तेजरामनं पट्टीनं आखला. 'साक्षीदार : बुधराम, रा. दिघोरी. निरीक्षकाशेजारी हजर.' बुधरामला यातलं काही ठाऊक नव्हतं. पंचनाम्यातल्या साक्षीदारांना ते क्वचितच ठाऊक असतं.

असा महिना गेला. एका दुपारी चहा जरा फिका झाला होता आणि तेजराम कंटाळला होता. जात या रकान्यात त्यानं चौघींपैकी कुणाचंच नाव लिहिलं नाही. त्यानं लिहिलं, 'कपाळ कोरे. खूण नाही.'

३

रश्मीचा फोन रात्रीच्या जेवणावरच आला.

"बाबा, तुम्ही नीट पाहिलं? भिंगातून?"

"हो."

"अजिबात खूण नाही? पुसटसुद्धा?"

तेजरामनं मालनबाईकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच पाहत होती. संध्याकाळी विहारातून आल्यावर रोज तो तिला ओसरीवरच सापडत होता, आणि तिनं त्याबद्दल अजून काही विचारलं नव्हतं. ती विचारत नव्हती, यातच सगळं आलं.

"कोरं होतं," तो म्हणाला.

"बाबा, ही नवीनच जात असू शकते! मला पुरावा हवा. पकडा एक. आणि तुमच्याबरोबर कुणीतरी दुसऱ्यानं जवळून पाहिलेलं हवं. बुधरामकाका असतात ना शेजारी? त्यांनाही दाखवा. उद्याच. माझे गाइड वाट पाहतायत."

फोन ठेवल्यावर मालनबाईनं भाकर मोडली. "काहून गा रश्मीचे बाबा, पोरगी तुमच्या भरवशावर हाय."

"मंग? मी काय करून राहिलो?"

"तेच तं मले दिसत नाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी तेजरामनं चहा न घेताच तक्ता भरला. नमुना पकडला असं लिहायची त्याची छाती झाली नाही. लिहिलं असतं तर पाठवावा लागला असता. पण साक्षीदाराची बाजू त्यानं भक्कम केली. 'निरीक्षक छातीभर पाण्यात. साक्षीदार बुधराम डोंगा घेऊन निरीक्षकाजवळ आला. त्याने जवळून पाहिले. अंधार पडल्यावर निरीक्षक व साक्षीदार सोबत परतले.' शेवटचं वाक्य नसतं तरी चाललं असतं. पण कागदावर पाण्यात उतरवलेल्या माणसाला बाहेर काढून ठेवावं, एवढी माणुसकी तेजरामकडे होती.

रश्मी घाईत होती, म्हणून त्यानं सातची वाट पाहिली नाही. साडेचारलाच फोटो पाठवून दिला. मालनबाई तोवर विहारात गेली होती.

४

पाचला दहा कमी असताना बुधराम अंगणात आला. खांद्यावर जाळं, हातात तंबाखूची डबी.

"काय गा सायब, आज जाऊन नाई राहिला का?"

"कुठं?"

"तलावावर. टाइम झाला ना तुहा." बुधराम पायरीवर टेकला. "हे पाय. काल डोंग्यात पडलं होतं. तुह्याचसाठी ठेवलं. हे असलंच धरत रायतं ना तू?"

डबीत चतुर होता. मातकट हिरवा, बोटाएवढा, डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले. मेला होता. तेजरामनं भिंग काढलं, कपाळ पाहिलं. मग भिंग पुसलं. मग पुन्हा पाहिलं.

कपाळ कोरं होतं.

पण पुस्तकं वाचलेला माणूस लगेच घाबरत नाही, आधी कारणं शोधतो. निसर्गात इतक्या जाती असतात, एखादी बिनखुणेची असायचीच. आपण थाप मारली आणि निसर्गानं आपला मान ठेवला. योगायोगाला काही नियम नसतो.

"बरं झालं," तो म्हणाला. "रश्मीले पायजेच होता."

"मंग सोताच काहून नाई धरला? तुह्या आंगाभोवती तं शंभर फिरत होते काल."

"काल?"

"काल, परवा, रोजच. हाका मारून मारून गळा बसला माहा. तू ओ देत नाईस. मले वाटलं, पोरीचं काम हाय, बोलाले मनाई असल." बुधराम हसला. "पन एक सांगतो, गुडघा दुखते म्हनतोस अन् गुडघ्याएवढ्या पान्यात उभा रायतोस. घोट्याएवढ्यात होता तवरीक मी काई बोललो नाई."

तेजरामला वाटलं, ही गंमत असेल, मालननं सांगितलं असेल. पण घोटा आणि गुडघा मालनला कुठून ठाऊक? फाईल कुलपात होती.

"बुधराम, मी महिनाभर या ओसरीवरून उठलो नाई."

"हो का? मंग तुहा पांढरा सदरा गेला असल उठून."

"आपल्या रश्मीची शप्पथ."

बुधरामचं हसू अर्धं राहिलं, पण मावळलं नाही. तेजराम काहीतरी लपवतोय, एवढंच त्याला त्यातून कळलं. "बरं बाबू, नसशील. मंग तो दुसरा तरी कोन, ते सांग."

"दुसरा कोन?"

"तुह्या बाजूले उभा रायते तो. पाठमोरा. मले तोंड नाई दिसलं कधी. आपल्या गावचा नाई वाटत. डावा खांदा असा पडेल हाय त्याचा, लकवा मारल्यावानी." बुधराम उठला, जाळं खांद्यावर घेतलं. "आज डोंगा घेऊन जवळच येतो तुह्या. हात धरून वढतोच बाहेर. मंग पायतो, कसा बोलत नाईस ते."

"बुधराम, आज नको जाऊ."

"जाळं लावून नाई ठेवलं तं आमच्या मिथुनची माय जेवाले देईल का मले?"

तो फाटकातून बाहेर पडला आणि गल्लीनं चालू लागला. तेजराम त्याच्या पाठीकडे पाहत राहिला. पन्नास वर्षं जाळं फेकून बुधरामचा डावा खांदा कायमचा खाली उतरला होता. गावात हे लेकराला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त बुधरामला, कारण स्वतःची पाठ कुणी पाहिलेली नसते.

५

तेजरामनं कुलूप काढून फाईल घेतली. कागद मांडीवर ठेवून एकेक उलटले. घोटाभर. गुडघाभर. साक्षीदार शेजारी हजर. कोरं कपाळ. त्यानं ओसरीवर बसून जे जे लिहिलं होतं, ते ते तलावावर झालं होतं. एकही ओळ राहिली नव्हती.

राहिली होती ती आजची. 'साक्षीदार बुधराम डोंगा घेऊन निरीक्षकाजवळ आला.'

त्यानं लाल शाई घेतली. आजच्या कागदावर तिरपी रेघ मारली, 'रद्द' लिहिलं, बाजूला छोटी सही केली. मग त्याला आपल्याच अकलेचं हसू आलं. कागद जावक झाला होता. जावक झालेल्या कागदावर रेघ मारून काय होतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

फोन वाजला. रश्मीचा मेसेज होता. 'बाबा, आज साडेचारलाच पाठवलंत? तेव्हा तर ऊन होतं ना?'

उत्तर द्यायला वेळ नव्हता. साडेपाच होत आले होते. त्यानं बुधरामला फोन लावला. घंटा दोन घरं पलीकडे, बुधरामच्याच घरात वाजली. डोंग्यावर जाताना तो फोन नेत नसे.

तेजरामनं कोपऱ्यातली काठी उचलली. रस्ताभर तो मनाशी एकच गोष्ट घोळवत होता. कायम माणूस रजेवरून हजर झाला की हंगामी माणसाची सेवा आपोआप संपते. आपण स्वतः सांडव्यावर जाऊन उभं राहायचं, बस. मग त्या दुसऱ्याला तिथं जागाच उरणार नाही. बुधराम जवळ येईल तो खऱ्या माणसाजवळ. दोघं सोबत परततील. कागद खरा होईल आणि सगळ्यांची सुटका होईल.

चौतीस वर्षांत त्यानं याहून लंगडे मुद्दे मंजूर होताना पाहिले होते.

६

तो पाळीवर चढला तेव्हा सूर्य मावळला होता. पलीकडच्या धानाच्या बांध्यांवर पिवळट उजेड शिल्लक होता, तलावाचं पाणी मात्र आधीच काळं पडलं होतं. पाळीच्या दोन्ही अंगांना बेशरम वाढलेला, मधून एका माणसापुरती वाट.

अर्ध्या वाटेवर पहिला चतुर त्याच्या कानाजवळून गेला. कागद चुरगाळावा तसा आवाज. मग दुसरा. मग इतके, की ते वेगवेगळे ऐकू येईनात.

"बुधराम!"

पाण्यावर डोंगा कुठंच दिसत नव्हता, पण पाण्यावर आता तसंही काही दिसत नव्हतं. गुडघ्यातून कळा येत होत्या. काठी चिखलात रुतत होती. सांडव्याचा दगड समोर आला, आणि तेजरामच्या छातीवरचं ओझं उतरलं.

दगडाजवळ काठावर बुधराम उभा होता. पाठमोरा, निथळत, डावा खांदा खाली. आणि त्याच्या आजूबाजूला, पाण्यात किंवा काठावर, दुसरं कुणीही नव्हतं.

"वाचलास गा बाबू," तेजराम म्हणाला आणि त्याला रडू फुटलं. त्यानं मागूनच बुधरामचा दंड धरला. "चाल. काई विचारू नको. आधी चाल घरी."

बुधराम निमूट वळला. वाट एकाचीच, म्हणून तेजराम पुढे झाला. मागून बुधरामनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. लंगड्या माणसाला आधार द्यावा तसा. तेजरामला बरं वाटलं. चालता चालता त्यानं सगळं कबूल केलं. गुडघा, ओसरी, खोटे तक्ते, पट्टीनं आखलेला रकाना, बुधरामला न विचारता त्याचं घातलेलं नाव. रश्मीला आज रात्रीच खरं सांगणार, म्हणाला.

"तुह्या नावानं मी रोज हजेरी लावली. माफ कर मले. शिव्या दे, पन बोल."

बुधराम बोलला नाही. रागावला असेल. रागवायचंच.

चतुर त्यांच्या भोवती दाट झाले होते. ते तेजरामच्या तोंडावर आपटत होते, पण मागे त्यांचा आवाज येत नव्हता. तिथं ते बसत असावेत. मग एकाएकी, बटण दाबल्यासारखे, सगळे थांबले. अर्धा तास संपला होता. इतकी शांतता झाली की तेजरामला स्वतःचा श्वास ऐकू आला. एकट्याचाच.

खांद्यावरच्या हाताला वजन नव्हतं, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. निथळणाऱ्या माणसाचा हात, आणि सदरा त्या जागी कोरडा होता. त्यानं खांदा झटकला. हात सुटला नाही. त्यानं आपल्या हातानं ती बोटं उचलून पाहिली. बोटं कडकड वाजली, पण पकड सुटली नाही.

तेजरामनं मान वळवली. पूर्ण नाही, वळवता येईल तेवढीच. शेवटच्या उजेडात त्याला हनुवटी दिसली, नाक दिसलं, भुवया दिसल्या. सगळं जागच्या जागी होतं. दोन भुवयांच्या मधे, जिथं सातव्या वर्षापासून खोक होती, तिथं काहीच नव्हतं.

कपाळ कोरं होतं.

तेवढ्यात मागून, दूर तलावाच्या मधोमध, डोंगा ढकलायचा बांबू पाण्यात बुडाल्याचा डुबुक आवाज आला. आणि बुधरामचा आवाज, बसक्या गळ्याचा, जिवंत.

"तेजराम! ए तेजराम! अरे इतक्या खोल पान्यात काहून गेला गा? थांब, आलो मी!"

तेजरामनं तोंड उघडलं. आवाज फुटेना. त्यानं पुन्हा जोर केला, घशातून नुसता वारा आला. खांद्यावरची बोटं आणखी आत रुतली आणि त्याचे पाय गावाच्या दिशेनं चालू लागले.

"तेजराम! ओ तं दे ना बाबू!"

आणि महिनाभरात पहिल्यांदाच, सांडव्याजवळच्या पाण्यातून, तेजरामच्याच आवाजात, कुणीतरी ओ दिली.